आखूड पायाचं माप

बर्फावर पायऱ्या खोदायचा पिरिहिराच्या घरचा एक नियम होता. हिमनदी बघायला आलेल्या पाहुण्यांत सगळ्यांत आखूड पाय कोणाचा ते आधी बघायचं आणि पायरी त्याच्या मापाची खोदायची. उंच माणसं कुरकुरतात, खुशाल कुरकुरू द्यावीत. हा नियम तिला कोरोने शिकवला. कोरो म्हणजे तिचा थोरला काका, होहेपा. कालच्या पायऱ्या ऊनपावसाने पुसून जात, म्हणून हिमनदीवर रोज सकाळी नव्याने कुदळ चालवावी लागे. दोघांचंही आयुष्य त्यातच गेलं.

कोरोची नजर गेली तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा ठरलेला प्रश्न असे, "आज किती खोदल्यास, पोरी?"

"पुष्कळ," पिरिहिरा म्हणे.

ते खोटं होतं. हिमनदी वितळत वितळत डोंगरात वर वर सरकत गेली होती आणि दरीतून तिच्यावर पाय ठेवणं केव्हाच बंद झालं होतं. आता पिरिहिरा पाहुण्यांना दगडगोट्यांतून, पुढे जायची मनाई म्हणून बांधलेल्या दोरीपर्यंत नेई, लांबचा बर्फ दाखवी आणि परत आणी. ज्यांना बर्फावर चालायचंच असे, ते हेलिकॉप्टरने वर जात. हे म्हाताऱ्याला सांगायचं कुठल्या तोंडाने? सांगितलं तर तो हाय खाईल, अशी तिला धास्ती होती.

एक दिवस कोरोच म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. मरायच्या आधी तिला एकदा हात लावायचाय."

तिला म्हणजे हिमनदीला. त्यांच्या लोकांत ती हिनेहुकातेरेचे गोठलेले अश्रू. डोंगराने जिचा प्रियकर नेला, त्या मुलीचे.

"पाय दुखतील, कोरो. पाऊसही येईल."

"पाय माझे, पाऊस आभाळाचा. तुझं काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या मागे, पिरिहिराच्या खांद्यावर हात ठेवून तो चालला. सवयीने तिने कुदळ घेतली होती. दोरीपाशी सगळे थांबले. पिरिहिराने कुदळ खाली ठेवली.

"कोरो, इथून पुढे जाता येत नाही. मी तुमच्याशी..."

"खोटं बोललीस. ठाऊक आहे. दिवसभर डोक्यावर हेलिकॉप्टरं घरघरतात, ती काय मासे धरायला जातात?"

"मग रोज विचारायचात कशाला?"

"तू 'पुष्कळ' म्हणालीस की हातात कुदळ आल्यासारखं वाटायचं. सोडवेना मला ते."

पिरिहिराला रडू आवरेना. पाहुणे उगाच बुटांचे बंद बांधू लागले.

कोरोने टोपी काढली. वरून गार वारा येत होता, तिकडे तोंड केलं आणि मयताच्या पायाशी उभं राहून मयताशीच बोलावं, तसा खणखणीत आवाजात हिमनदीशी बोलला. "जा, पोरी. आपल्या माणसाकडे जा. आमच्या कुदळी पुष्कळ सोसल्यास. जा. जा. जा."

पिरिहिराने त्याची बाही धरली. "अजून आहे ती, कोरो!"

"आहे. पण तिच्या शेवटच्या दिवशी मी नसेन. म्हणून आजच." मग तो म्हणाला, "चल, हात धुऊ."

मयताला निरोप दिला की हात धुतल्याशिवाय त्यांच्यात कोणी घरी जात नाही. दोरीच्या अलीकडे, निसरड्या उताराखाली नदीचा एक उथळ फाटा वाहत होता. पिरिहिराने कुदळ उचलली आणि खडीच्या त्या उतारात पायऱ्या खोदल्या.

"फार जवळजवळ खोदतेयस," आवाज ऐकून कोरो म्हणाला.

"आज सगळ्यांत आखूड पाय तुमचा."

तो एकेक पायरी चाचपत उतरला आणि दुधट पाण्यात त्याने दोन्ही हात घातले. बोटं लाल झाली तरी काढेना. ते पाणी थेट तिच्यातूनच वितळून आलेलं होतं.

"लागला हात," तो म्हणाला.

त्या संध्याकाळीही त्याने विचारलं, "आज किती खोदल्यास, पोरी?"

"थोड्याच," पिरिहिरा म्हणाली. "तुम्हाला पुरतील एवढ्या."