शेकाट्याचा पाय किती बुडाला

तुमच्या गावच्या तलावात पाणी किती उरलंय, हे तुम्हाला कोणी सांगितलं? आणि सांगणारा कधी त्या पाण्यात उतरला होता का?

मी उतरलो नव्हतो. तरी सलग पाच सोमवार सही करून सांगत होतो.

लातूर जिल्हा नवा होता आणि मी नोकरीत नवा. जळकोटच्या अलीकडं एक तलाव आहे, त्याचा मी जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनिअर. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. तीन गावं त्या एका तलावावर तगून होती. दर सोमवारी जाऊन गेज बघायचा, हे माझं काम. गेज म्हणजे पाण्यात उभी केलेली आकड्यांची पट्टी. ती जॅकवेलला लागून असते, आणि जॅकवेल म्हणजे जिच्यातून पंप पाणी उचलतो ती विहीर. पट्टीवरचा आकडा ऑफिसातल्या तक्त्यात शोधायचा. तक्ता सांगतो, साठा किती.

पट्टी म्हणाली नऊ फूट. तक्ता म्हणाला, मृगापर्यंत काळजी नाही. मी सही केली. त्या सहीवर तिन्ही गावांची नावं टँकरच्या यादीतून गळाली.

रविवार मात्र माझा असायचा. नांदेडला डिप्लोमा करताना गोदावरीच्या काठावर मला पक्षी बघायचा नाद लागला होता. जुन्या बाजारातली एक दुर्बीण होती, तिचं एक भिंग तडकलेलं. धुळवडीनंतरच्या रविवारी मी उजाडायच्या आत तलावावर पोचलो. हे दिवस पाहुण्या पक्ष्यांच्या परतीचे. थंडीत आलेली बदकं आणि तुतवार हिमालयापलीकडं निघतात आणि वाटेत पाणी दिसेल तिथं उतरतात. आसपासचे सगळे तलाव आटलेले, त्यामुळं इथं जत्रा भरली होती.

तलावाचे चौकीदार शिवाप्पा मामा आंघोळ आटपून काठावर बसले होते. कपाळावर विभूतीचे तीन ताजे पट्टे.

"साब, पाखरं मोजायचा बी पगार भेटतो का?"

"नाही मामा. फुकट."

"मग मोजा. सरकारचं नुकसान न्हाई."

मी वहीत नावं लिहीत गेलो. चक्रवाक, थापट्या, तुतवार. आनंद झाला. अर्धा तास फक्त आनंदच होता. मग एक गोष्ट खटकली.

बदकं सगळी जॅकवेलपाशी दाटली होती. पंप तिथं धडधडत होता. बदक लाजरं असतं, असल्या आवाजाला ते जवळ येत नाही. मधलं पाणी शांत पसरलेलं, आणि तिथं एकही बदक नाही. तिथं शेकाटे होते. शेकाट्या म्हणजे काळ्या पंखांचा, काडीसारख्या लांब गुलाबी पायांचा पक्षी. तो पोहून पोट भरत नाही, उथळ पाण्यात चालून भरतो. आणि तलावाच्या ऐन मध्यावर, जिथं माझ्या तक्त्याप्रमाणं माणूस बुडायला हवा होता, तिथं पंचवीसएक शेकाटे ऐटीत चालत होते.

शेकाट्याचा पाय वीतभर. मी दुर्बीण स्थिर धरून पाहिलं. चार बोटं बुडाला होता.

"मामा, हे मधे कधीपासून आहेत?"

"ते लंबू? धा दिस झाले की. मधात हिंडूनच राहिलेत."

"मग मला सांगितलं कामून नाही?"

"तुमी सोमवारी येता, पट्टी बघता, जाता. इचारलं कधी?"

मी पँट गुडघ्याच्या वर दुमडली. मामांनी झोपडीच्या आढ्याचा बांबू काढून दिला आणि स्वतःही धोतर खोचून मागं आले. शेकाटे ओरडत उडाले. दर दहा पावलांवर बांबू टेकवायचा आणि पाणी मोजायचं. नडगीच्या वर पाणी कुठंच नाही. त्याखाली मऊ काळा गाळ, बांबू त्यात हातभर शिरत होता. मामा दोनदा घसरून चिखलात बसले, मी एकदा.

"साब, तलाव हाय का पिठल्याची कढई?"

गोष्ट सोपी होती. पट्टी खोटं बोलत नव्हती. पंप अडू नये म्हणून जॅकवेलभोवतीचा गाळ दर उन्हाळ्यात काढत. तेवढा खड्डा खोल राहिला होता, आणि पट्टी त्याच खड्ड्यात उभी. बाकीचा तलाव वर्षानुवर्षं गाळानं भरत आला. तक्ता मात्र तलाव बांधला त्या दिवसाचा. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी आता गाळ होता. मी गेले पाच आठवडे तीन गावांना गाळ प्यायला देत होतो.

सोमवारी डेप्युटी इंजिनिअर साहेबांसमोर रिपोर्ट ठेवला. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा चळवळीची पत्रकं जास्त यायची, त्यामुळं म्हणणं अर्ध्या पानात मांडायची सवय होती. पहिलं वाक्य होतं: तलावात तीन आठवड्यांचं पाणी आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "हे कुठून काढलं?"

"पाय मोजले, साहेब."

"कोणाचे?"

"शेकाट्यांचे."

"वर काय कळवू? पाखरू उभं होतं, सबब टँकर द्या?"

"पाखरानं जागा दाखवली. मोजलं बांबूनं. जोडपत्रात आहे."

त्यांनी जोडपत्र वाचलं. मग मागच्या फाइली उघडल्या. "पाच रिपोर्टांवर सही कोणाची आहे?"

"माझी."

"मेमो निघेल. नव्या पोरानं पहिल्याच वर्षी मेमो घ्यावा का?"

"तेही शेवटच्या ओळीत लिहिलंय, साहेब. चूक माझी, असं."

साहेबांनी फाइली मिटल्या. मग ड्रायव्हरला हाक मारली. दुपारी दोन वाजता, भर उन्हात, आमचे डेप्युटी बूट हातात घेऊन माझ्याशेजारी तलावाच्या मध्यावर उभे होते आणि त्यांच्या नडग्या दिसत होत्या. काठावरून शिवाप्पा मामा म्हणाले, "साब, आता तुमी दोघं बी लंबू."

साहेब हसले नाहीत. पण जीपमध्येच कागद मांडीवर घेऊन त्यांनी रिपोर्टखाली सही केली.

त्याच आठवड्यात तिन्ही गावं यादीत आली. जॅकवेलपर्यंत चर खोदून मधलं उरलंसुरलं पाणी आम्ही खड्ड्यात आणलं. पंपानं हवा ओढायला सुरुवात केली ती चौथ्या आठवड्यात. तोवर टँकर गावात उभे होते. बायकांना घागर घेऊन कोरड्या तळाकडं जावं लागलं नाही, एक दिवसही नाही. शेकाटे त्याआधीच निघून गेले होते.

मेमो मला मिळाला. तो मी जपून ठेवलाय. नोकरीत पुढं दोन-तीन प्रशस्तिपत्रं आली, ती कुठं आहेत आठवत नाही. मी शिकलो ते एवढंच: साठा तक्त्यात नसतो. आणि पाच सह्यांची चूक सहाव्या सहीनं मान्य करता येते, हात झडत नाही.

आता तुमचं काम. या रविवारी उजाडता तुमच्या तलावावर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. मध्यावर कोण आहे ते बघा. पोहणारं बदक असेल तर घरी जाऊन चहा घ्या. चालणारा पक्षी असेल तर वहीत तारीख लिहा आणि येत्या ग्रामसभेत उभं राहून एकच मागणी करा: पाणी आमच्यासमोर, बांबू टाकून मोजा. आणि मोजणाऱ्या साहेबाला काठावर बसू देऊ नका.