पाण्याच्या अस्तरातलं तेल

तेलाच्या डब्यात हात घालण्याआधी रामटेके सर आम्हाला हात पाण्यात बुडवायला लावत. "ओल्या हाताले तेल लवकर चिकटत नाई," ते म्हणत. "बस, एवढंच शिकवून राह्यलो मी तुम्हाले."

चंद्रपूरच्या कॉलेजात ते आमच्या पेट्रोलियम शाखेची प्रयोगशाळा सांभाळत. मूळचे आलापल्लीचे, पण उमेदीची वर्षं त्यांनी गुजरातेत, खनिज तेलाच्या विहिरींवर काढली होती. तिथलं काही तेल डांबरासारखं जाड, नळीतून वर चढता चढत नसे. ते सरांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. प्रयोगशाळेत त्यांनी छताला टेकेल अशी काचेची उभी नळी बसवली. मधोमध काळं तेल आणि त्याच्याभोवती, काचेला लागून, पाण्याचा पातळ थर. तेल काचेला न शिवता वर सरकायचं. हा थर टिकवायला त्यांना चार वर्षं लागली. ज्या दिवशी तो दुपारभर तुटला नाही, त्या दिवशी शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना त्यांनी हाताला धरून आणलं. "पाहा ना, कसं चढून राह्यलं!"

मग एका तेल कंपनीचे अधिकारी ते पाहायला आले. ऐन प्रयोगात वीज गेली. पंप थांबला, पाण्याचा थर मोडला, तेल काचेला चिकटलं. वीज आल्यावर पंप पुन्हा लावला, तर तेल जागचं हलेना. दाबाने खालचा सांधाच फुटला.

"विहिरीत असं झालं तर?" अधिकाऱ्यांनी सौम्यपणे विचारलं.

मी सरांच्या कानाशी लागलो, "उपाय सापडलाय म्हणा ना."

सर मोठ्याने म्हणाले, "नाई साहेब. याचं उत्तर मले अजून नाई सापडलं."

अधिकारी पुन्हा आले नाहीत. पुढे मुलं मिळेनात म्हणून आमची शाखाच बंद झाली. नळी भंगारात गेली. निवृत्तीनंतरही सर घरी कागदावर तेच गणित मांडत बसत. त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, वैतागून म्हणत, "काऊन जीव आटवून राह्यले त्याच्यात?" सर मान वर न करता म्हणत, "सुटलं का मंग सांगतो."

गेल्या वर्षी ते दवाखान्यात आहेत असं कळलं, म्हणून भेटायला गेलो. मी आता अशाच जाड तेलाच्या विहिरींवर नोकरी करतो. सरांचा आवाज पार खोल गेला होता.

"तुमच्याइथी कोणी करून राह्यलं काय, पाण्याचं?"

आमच्याकडे वाफ सोडून तेल पातळ करतात. सरांची रीत तिथे कुणाला ठाऊक नाही. मीही तिचा विषय कधी कुणापाशी काढला नव्हता.

"नाही, सर."

"काऊन?"

"मध्येच थांबलं तर चिकटतं, म्हणून," मी म्हणालो.

"बरोबर हाय त्यांचं," सर म्हणाले आणि भिंतीकडे कुशीवर वळले.

चौथ्या दिवशी सर गेले. बाईंचा फोन आला तेव्हा मी विहिरीवर वाफ सोडत होतो.