आधी तुमची तपासणी

तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं, आणि पंडरीत कापडाच्या दुकानांमागे माझा जनावरांचा दवाखाना होता. चार पायऱ्या चढून यावं लागे. त्या सकाळी रेल्वेतून रिटायर झालेले एक काका आपल्या कुत्रीला कडेवर घेऊन चढले आणि बाकावर मटकन बसले. कुत्री खोकत होती, काका धापा टाकत होते. दोघांपैकी पेशंट कोण, असं मी गमतीनं विचारलं. ते हसले नाहीत.

काकू गेल्यापासून ती म्हातारी पॉमेरेनियन हाच त्यांच्या घरातला दुसरा जीव. दोनदा चक्कर येऊन पडली होती. छाती ऐकली, तर हृदयाची झडप गळत असावी असं वाटलं. गोळ्या आजच सुरू करू, असं मी सांगितलं. पण बिघाड किती, हे कळायला एक्स-रे, ईसीजी आणि एको लागणार. कुत्र्यांचा एको इथे कोणी करत नव्हतं. नागपूर गाठायचं, आणि खर्च जबर. तपासणीनं ती बरी होणार नाही, फक्त औषध नेमकं ठरेल, हेही सांगून टाकलं.

काकांनी खिशातून पाकीट काढलं. "माह्या पोट्टीनं पुण्याहून पैसे धाडले. माह्या अँजिओग्राफीसाठी. हे हिच्यावर लावा."

माझं डोकंच सणकलं. छाती कधीपासून दुखते, विचारलं. दिवाळीपासून, म्हणाले, जणू शेजाऱ्याचं सांगत होते. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, हे गेलेच नाहीत. काहून, तर मागे हिला कोण पाहील. मी पाकीट परत त्यांच्या खिशात कोंबलं.

"काका, आधी तुमची तपासणी. मग हिला मी स्वतः नागपूरला नेते. तोवर ही माझ्यापाशी राहील."

ते चिडले. कालची पोट्टी मले शिकवून राहिली, म्हणाले. मी हटले नाही. शेवटी कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवत, रडत रडतच पायऱ्या उतरले.

तपासणीत काकांच्या हृदयाच्या नळ्या बंद निघाल्या, लगेच ऑपरेशन झालं. त्यानंतर चारच दिवसांनी माझ्या टेबलाखाली कुत्रीनं जीव सोडला. एको आधी झाला असता, तर महिना-दोन महिने जास्त जगली असती का? असेलही. मी त्या दिवशी दवाखाना बंद करून खूप रडले.

काका घरी आल्यावर मीच जाऊन सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "तुमी मले तिच्यापाशी राहू देलं नाही." आणि दार लावून घेतलं.

वर्षभर बाजारात दिसले की तोंड फिरवत. मी माफी मागायला गेले नाही. वाईट फार वाटायचं, पण तशीच वेळ आली असती तर पुन्हा तेच केलं असतं.

मग एका दुपारी ते तिचा गळ्यातला पट्टा घेऊन आले. कोणाच्या कुत्र्याले लागला तर देऊन द्या, म्हणाले. चारही पायऱ्या न थांबता चढले होते. मी पट्टा हातात घेतला, पण कान त्यांच्या श्वासाकडे होते. धाप नव्हती.