पत्र्याखाली पाहणारा शालिकराम

महाल वस्तीत आमच्या घरासमोर शालिकरामचं वेल्डिंगचं दुकान होतं. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात त्याने बारा वर्षं काढली होती. तिथली एक सवय त्याच्या अंगात मुरली होती. गाडीवर काहीही बसवायचं असो, तो आधी गाडीखाली जाऊन झोपायचा. कोणी घाई केली की बिडी पेटवायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी मनकर्णाबाई त्याच्याकडे आल्या. त्या मंडपाचं सामान भाड्याने देत. नवरा गेल्यावर बैलबंडी विकून त्यांनी जुनी पिकअप घेतली, तिला आठच दिवस झाले होते. दुसऱ्या दिवशी कुही गावाला लग्न होतं. लांब बांबू हौद्यात मावेनात, म्हणून वर लोखंडी कॅरियर हवा होता. कुहीकडचं हे पहिलंच काम, ते फसलं तर तिकडची सगळी लग्नं दुसऱ्याकडे जातील, हे त्यांनी येताच सांगून टाकलं.

"चार पाय उभे कर, पत्र्याले चार टाके मार, झालं. दोन वाजता गाडी निंगाली पाह्यजे."

शालिकराम गाडीखाली सरकला आणि पान्याने ठोकत निघाला. पुढे टणटण वाजत होतं. मागे आवाज एकदम बसला.

"मावशी, गाडी कोनाकडून घेतली?"

"काहून गा?"

"रंग झकास मारला त्यानं."

त्याने खालून स्क्रूड्रायव्हर दाबला. हौद्याच्या हिरव्यागार रंगातून टोक आरपार वर आलं. मागचा पत्रा गंजून पापड झाला होता.

मनकर्णाबाईंनी पदर खोचला. "मंग आता लगन पुढं ढकलू म्हन्तं का?"

"लगन कायले ढकलता? मागचे पाय पुढं ढकलू."

पत्र्याखाली जिथे गाडीच्या सांगाड्याची आडवी चॅनल जाते, तिथवर त्याने मागचे पाय पुढे घेतले. चारही पायांचे दोन-दोन बोल्ट पत्र्यातून आणि चॅनलमधून आरपार काढले, प्रत्येकाखाली तळहाताएवढी जाड पट्टी दिली आणि नटावर नट चढवला. पत्र्याला एकही टाका मारला नाही.

"टाका पत्र्याले धरते, मावशी. पत्राच निंगाला तं टाका कोनाले धरन?"

या सगळ्यात तीन वाजले. सामान चढलं. पाय पुढे आल्यामुळे सगळ्यांत लांब सहा बांबू मागे फारच लोंबत होते. शालिकरामने ते खाली काढून ठेवले.

"अरे, दारावरची मोठी कमान या बांबूचीच हाय. नवरीच्या बापाले मी जबान देली."

"लहान कमान लावा. हे बांबू मागं झुकून कॅरियर पुढून उपटतीन."

मनकर्णाबाईंनी पदर पुन्हा खोचला. मग बांबू त्यांनी स्वतःच भिंतीला लावून ठेवले. त्यांचा दीर धोंडबा गाडी चालवायला बसला, शेजारी त्या बसल्या, तसा शालिकरामही पाना घेऊन चढला.

पुढचं मला मनकर्णाबाईंनीच सांगितलं. पाच कोसांवर शालिकरामने गाडी थांबवली. नवं काम हादऱ्याने बसतं, नट थोडे सैल पडतात. त्याने आठही बोल्ट पुन्हा आवळले. थोडं पुढे गेल्यावर म्हैस आडवी आली. धोंडबाने कचकन ब्रेक दाबला. वरचे बांबू खडखडले, कॅरियर जागचा हलला नाही. धोंडबा मान बाहेर काढून वर पाहू लागला.

"चाल गा," शालिकराम म्हणाला, "म्हैस गेली."

सकाळी मांडव उभा झाला. नवरीचे वडील बापूजी दारात येऊन वर पाहत राहिले.

"कमान लहान वाटून राहिली, बाई. बोलनं मोठीचं झालं होतं."

"झालं होतं. मोठी आनली असती तं सारा मांडव रस्त्यात पडून राहिला असता, बापूजी. कमानीचे पैसे कमी द्या. नवरदेवाले मात्र वाकून यायले सांगा."

बापूजींना हसू आलं. पंधरा दिवसांनी त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. त्या मांडवाची तारीख त्यांनी तिथेच सांगून टाकली.