अटारीहून परत

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावोगाव फटाके वाजले, पण ज्ञानोबा जमादाराच्या कपाळाला आठ्याच पडल्या. उस्मानाबादेत त्याचं बरं चाललं होतं. जिल्हा फुटला तशी कपाटं-खुर्च्यांची वाटणी झाली, माणसांचीही झाली, आणि त्याच्या वाट्याला लातूरच्या पोलीस कचेरीतलं परकीय नागरिकांचं टेबल आलं. परकीय म्हणजे कोण, तर कधीमधी भटकत आलेला एखादा गोरा, आणि कायमची एक बाई, उदगीरची खैरूनबी.

खैरूनबीचा जन्म उदगीरचाच. निजामाच्या काळात तिचं लग्न हैदराबादेत झालं. पुढं नवरा कामधंद्यासाठी कराचीला गेला आणि हिलाही घेऊन गेला. तो वारल्यावर सासरी तिला कुणी विचारीना. आजारी आईला भेटायला म्हणून ती पाकिस्तानी पासपोर्टावर उदगीरला आली, आई गेली, आणि ही परत गेलीच नाही. दरवर्षी मुदत वाढवून मागायची, दर महिन्याला लातूरला येऊन हजेरी द्यायची. नियम कडक होते. हजेरीची खेप सोडली तर परवान्याशिवाय उदगीरची शीव ओलांडायची नाही. कुणाच्या हाताखाली कामाला जायचं नाही. मग खायचं काय, याचं उत्तर नियमात नव्हतं.

ज्ञानोबाला ती डोळ्यांसमोर नको होती. तो नायगावकडचा. लहान असताना निजामाच्या रझाकारांनी त्याच्या बापाला शेतातून ओढून नेलं होतं आणि आई केवळाबाईनं त्याला मामाच्या घरी वाढवलं होतं. हजेरीला आलेल्या खैरूनबीला तो बाहेर उन्हात बसवायचा. मागून आलेल्यांची कामं आधी उरकायचा. तीही काही कमी नव्हती. आत आली की विचारायची, "झाली का रे झोप?"

"सरळ बोल. तुझा मुक्काम माझ्या सहीवर हाय."

"सही तुझी हाय, गाव माझं हाय," ती म्हणायची आणि अंगठा उमटवून चालू लागायची.

शहाऐंशी साली दुष्काळ पडला. उदगीरच्या विहिरी खरवडल्या गेल्या, टँकरपाशी बायकांची डोकी फुटू लागली. खैरूनबी ज्या भावजयीच्या आधारानं राहत होती, ती खाटेला खिळली. अशात कचेरीत एक निनावी तक्रार आली. पाकिस्तानी बाई सरकारी रोजगार हमीवर भावजयीच्या नावानं माती टाकते.

ज्ञानोबाला हेच हवं होतं. जीप काढून तो पाझर तलावाच्या कामावर गेला. बायकांच्या रांगेत ती होतीच, डोक्यावर पाटी, पदरानं तोंड बांधलेलं.

"ए, पाटी ठेव खाली," तो ओरडला. "नाव सांग."

खैरूनबीनं तोंड उघडायच्या आत शेजारची बाई पुढं आली. ती कोंडाबाई, बौद्धवाड्यातली, त्या टोळीची पुढारीण. "ती माझ्या टोळीतली हाय. नाव काय करायचंय तुमाला?"

"ही परदेशी हाय. हिला कामाची परवानगी न्हाई."

"परदेशी?" कोंडाबाई बाकीच्या बायकांकडं वळली. "बायांनो, हितं कोन परदेशी हाय का?"

"न्हाई!" रांगेतून आवाज आला. बायका पाट्या टाकून खैरूनबीभोवती गोळा झाल्या. ज्ञानोबा चवताळला. सगळ्यांना आत टाकीन म्हणाला. तशा त्या जास्तच पुढं सरकल्या. शेवटी खैरूनबीच वाट काढून बाहेर आली. "माझ्यापायी ह्यांची हजेरी बुडवू नको," म्हणाली आणि आपणहून जीपमधे बसली.

ज्ञानोबानं अहवाल असा जोरकस लिहिला, की देश सोडण्याची नोटीस निघायला वेळ लागला नाही. तिचा पासपोर्ट कधीच संपला होता. "आधी दिल्लीला पाकिस्तानच्या वकिलातीला कळवलंय का?" असं त्याचे साहेब शेषेराव यांनी विचारलं. "कळवलंय साहेब," ज्ञानोबा म्हणाला. पत्र गेलं होतं हे खरं. उत्तर आलं नव्हतं, ते त्यानं सांगितलं नाही.

खैरूनबीला सरहद्दीपर्यंत पोचवायचं कामही त्यानं स्वतःकडं मागून घेतलं. बरोबर उमादेवी नावाची महिला शिपाई होती. एस.टी.नं नांदेड, तिथून मनमाड आणि मनमाडहून अमृतसरची गाडी. गाडीत ज्ञानोबानं तिला खिडकी दिली नाही. उमादेवीनं तिच्यापुढं भाकरी धरली, तर तो म्हणाला, "लाड करू नका."

दिल्ली मागं पडल्यावर खैरूनबीनं विचारलं, "जमादार, म्या तुझं काय वाकडं केलं?"

"तुमच्या लोकांनी माझ्या बापाला मारलं."

"माझे लोक कोन?" तिचा आवाज चढला. "माझा बाप उदगीरच्या बाजारात कात्र्यांना धार लावायचा. निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यावर त्यो बी एक दिवस घरी आला न्हाई. त्याला कुनी मारलं, इचारू का तुला?"

डब्यातली माणसं बघायला लागली. उमादेवीनं तिचा हात दाबला. ज्ञानोबानं मान फिरवली ती अमृतसर येईपर्यंत.

अटारीला ऊन रणरणत होतं. आपल्या बाजूच्या अधिकाऱ्यानं शिक्का मारला, दोन फाटकांमधल्या रस्त्यावरून खैरूनबीला पलीकडं नेलं. ज्ञानोबानं टोपी काढून घाम पुसला. सुटलो, असं त्याला वाटलं. पण पलीकडचा अधिकारी पासपोर्ट उलटसुलट करत राहिला. मग त्यानं मान हलवली. मुदत संपलेल्या पासपोर्टावर आम्ही कुणाला घेत नाही, वकिलातीचा कागद दाखवा, म्हणाला. कागद कुठून येणार? आपल्याकडच्या अधिकाऱ्यानं हुज्जत घातली, आवाज चढवला, पण पलीकडचं फाटक लागलं आणि खैरूनबी अलीकडंच राहिली.

"घेऊन जा हिला," तो ज्ञानोबावर खेकसला. "कागद पुरे न करता माणसं आणता कशाला इथं?"

खैरूनबी रस्त्यातच मांडी घालून बसली. पायाच्या टाचा फुटून रक्त आलं होतं. ती हसायला लागली, आणि ते हसणं ऐकून उमादेवीनं तोंडाला पदर लावला. "त्याला म्या नको, तुला बी नको. आता कुठं टाकतोस, जमादार? हितंच पुर."

ज्ञानोबानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. तिनं काही केलं असतं तर त्यानं शिवी तरी घातली असती. शेवटी त्यानं तिचं गाठोडं उचललं आणि पुढं चालायला लागला.

परत आल्यावर शेषेरावांनी भर कचेरीत त्याची बिनपाण्यानं केली. खैरूनबीला ठेवून घेता येईना, हाकलता येईना. तिची हजेरी पुन्हा सुरू झाली, आणि ती आता मुद्दाम सकाळी लवकर येऊन त्याच्या टेबलासमोर बसायची. ज्ञानोबा वैतागला. ही ब्याद टेबलावरून जायची तर एकच वाट उरली होती. जन्म इथला असल्याचं सिद्ध झालं, तर तिला नागरिकत्व मागता येत होतं.

मग त्यानंच अर्ज लिहिला. तिला विचारलंसुद्धा नाही, नुसतं "अंगठा दे" म्हणाला. पुरावा शोधायला तो उदगीरला गेला. शंकरप्पा नावाचा म्हातारा वाणी तिच्या बापाचा शेजारी निघाला. तिच्या बारशाला आपल्या घरून गूळ गेला होता, असा जबाब त्यानं दिला. सही करताना म्हणाला, "हिला हाकलायला गेलेले जमादार तुम्हीच न्हवं?"

"हाव, मीच," ज्ञानोबा म्हणाला. "सही करा."

अर्ज मुंबईला गेला, दिल्लीला गेला, शंका काढून परत आला, पुन्हा गेला. दर खेपेला ज्ञानोबा चिडून नवी पुरवणी जोडायचा. शेषेराव बदलून गेले, भावजय वारली, ज्ञानोबाचे केस पांढरे झाले, तेव्हा कुठं मंजुरी आली. शपथ द्यायला नवे साहेब उभे राहिले. वाक्यं ज्ञानोबानं वाचायची आणि खैरूनबीनं म्हणायची. देशाशी निष्ठा ठेवीन, हे वाक्य आल्यावर ती थांबली.

"ही निष्ठा कवा सोडली होती म्या?"

"म्हण निमूट," ज्ञानोबा दरडावला. "न्हाईतर परत हजेरी."

तिनं म्हटलं. कागद घडी करून पोलक्यात घातला. आभार मानले नाहीत, आणि त्यालाही ते नको होते. "उद्या माझ्या नावानं कामाला जाते," ती म्हणाली. दाराशी कोंडाबाई थांबली होती. दोघी एस.टी. गाठायला निघून गेल्या.

टेबल रिकामं झालं म्हणून साहेबांनी ज्ञानोबाकडं पासपोर्टच्या चौकश्या दिल्या. जिल्ह्यातली पोरं तेव्हा मस्कत-दुबईला निघाली होती, गवंडी म्हणून, सुतार म्हणून. छाती फुगवून यायची. ज्ञानोबा त्यांना उभं करून एकच विचारायचा, "तुझा परवाना संपल्यावर कोण घेणार तुला, ठावं हाय का?" पोरं गोंधळून कागद गोळा करायची. बाहेर जाऊन म्हणायची, म्हातारा लई खडूस हाय. आणि तो होताच.