बाणाचं टोक खाली होतं

हे मी इतकी वर्षं बायकोलाही बोललो नव्हतो. कोयलीजवळच्या एका कारखान्यात देखभालीच्या खात्यात नोकरी केली, निवृत्तीला हार घेतला, सुरक्षेवर चार शब्दही बोललो — तेव्हाही नाही. मग आत्ताच का? कारण ज्याला आधी सांगायला हवं होतं, त्याला गेल्या रविवारी सांगून आलो. जीभ सैल झाली आहे.

विलास माझ्याबरोबरचा फिटर. शहर एकच, तो अकोट्याचा, मी सुभानपुऱ्याचा. डबे एकत्र सोडायचो. उंचीवर त्याच्याइतका सावध माणूस मी पाहिला नाही. टाकीला बसवलेल्या उभ्या शिडीवर वरपासून खालपर्यंत एक पोलादी दोर ताणलेला असतो. त्यावर एक पकड सरकते. तिचा हुक छातीवरच्या पट्ट्याच्या कडीत अडकवायचा आणि चढायचं. पाय सुटला तर पकड दोराला चावते, माणूस जागच्या जागी लटकतो. फक्त पकडीवरचा बाण वर हवा. उलटी बसली तर ती चावत नाही, नुसती घसरते.

त्या सकाळी पकड साफ करून दोरावर बसवली ती मी. बसवल्यावर खालूनच एक जोराचा झटका देऊन बघायचं असतं. मी दिला नाही. घाई होती म्हणू? नव्हती. चहा आला होता, एवढंच. कागदावर तपासल्याची सही केली. विलासनं हुक अडकवताना विचारलं, बघितलंस ना — आणि मी मान हलवली.

इथवरचं तुम्ही कदाचित समजून घ्याल. पुढचं आहे ते —

उतरताना त्याचा पाय घसरला आणि तो थेट खाली आला. मी पहिला पोचलो. विलास डोळे मिटून कण्हत होता. हुक त्याच्या छातीला तसाच होता. पकड दोरावर होती, बाणाचं टोक खाली. पंपाकडून दोघं धावत येत होते, अजून लांब होते. मी काय केलं? त्याला हाक मारली नाही. आधी हुक सोडवला. पकड काढली, सरळ केली, परत दोरावर बसवली. मग त्याच्याजवळ गुडघे टेकले. माझे हात जरासुद्धा थरथरले नाहीत — हे मला अजून आठवतं.

चौकशीत मी म्हणालो, मी आलो तेव्हा हुक लावलेलाच नव्हता.

विलासचा खुबा मोडला होता, डोक्याला मार होता. त्या सकाळचं त्याला काहीच आठवेना. निष्काळजीपणाचा मेमो त्यानं गुपचूप घेतला. पुढे त्याला स्टोअरमध्ये बसवलं, तो लंगडतच निवृत्त झाला. आणि त्याहून वाईट काय, सांगू? त्याला ते पटलं. नव्या लोकांना तो स्वतःहून सांगायचा, मी एकदाच हुक लावायला विसरलो, तुम्ही विसरू नका. मी शेजारी उभा असायचो. वहिनी म्हणायच्या, घराची आठवण असती तर विसरले नसते. तेही तो ऐकून घ्यायचा.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी मानसी इंजिनीअर म्हणून एका कारखान्यात लागली. पेढे द्यायला दोघं आले होते. ती हसत म्हणाली, मी काही बाबांसारखी विसरणार नाही. विलासही हसला, मान खाली घालून. माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

रविवारी सकाळी त्याच्याकडे गेलो. 'बेस ना,' म्हणाला, खुर्ची पुढे सरकवत. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तो गुडघ्यावर हात फिरवत राहिला.

"म्हणजे हुक मी लावला होता?"

"लावला होतास."

"नक्की?"

"माझ्या हातानं सोडवला, विलास."

मला वाटलं होतं, तो उठून मारेल. तो आत वळून वहिनींना म्हणाला, "अगं, मी विसरलो नव्हतो." किती हळू म्हणाला. त्याचे खांदे असे खाली आले, जणू इतकी वर्षं कुणी ते वर ओढून धरले होते. वहिनी दारात आल्या, माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि आत गेल्या. मग विलास म्हणाला, "आता तू जा."

मी निघालो. विश्वामित्री नदीच्या पुलावर स्कूटर बाजूला घेऊन थांबलो. छाती मोकळी झाली होती. इतकं हलकं वाटावं, असा मी कोण? पण वाटलं — ते कसं लपवू? लपवून झालं की पुष्कळ.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सोमवारी कारखान्यात सहीचं पत्र नेऊन दिलं — मेमो माझ्या नावावर हवा होता, त्याच्या नव्हे. त्यांनी मला बोलावलं आहे, जाणार आहे. पत्राची एक प्रत विलासच्या पत्त्यावर टाकली. त्याचा फोन आलेला नाही. येईलच असं मी धरून चाललेलो नाही. त्याच्याकडे आता कागदावर आहे, माझ्या अक्षरात, की त्या दिवशी तो विसरला नव्हता.