असोद्यावरून जाणारी सावली

माझा मोठा भाऊ असोद्याला राहतो, मी धुळ्यात देवपूरला. अर्धांगवायूनंतर त्याची बाज वरच्या मजल्यावर गच्चीच्या दाराशी गेली ती गेलीच. चौघांनी उचलून खाली न्यावं, हे त्याला मंजूर नाही. तारे ओळखायला त्यानंच मला शिकवलं, त्यामुळे त्याचे हट्टही मीच पुरवायचे, अशी आमच्या घरातली वाटणी.

यंदाचा हट्ट एका लघुग्रहाचा होता. लघुग्रह ताऱ्यासमोरून गेला की त्याची सावली जमिनीवर एका पट्ट्यात पडते. त्या पट्ट्यात असलेल्यांना तारा काही क्षण विझलेला दिसतो. माझ्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरनं तो पट्टा थेट असोद्यावरून काढला होता. माझ्या पोटात काही राहत नाही, लगेच भाऊला फोन केला. त्याला जन्मभर हे पाहायचं होतं, आणि आता कुठे जायची गरजच नव्हती.

मग लक्षात आलं, सॉफ्टवेअरमधली तारासूची जुनी आहे. ताऱ्याची जागा केसभर चुकली तरी इथे पट्टा तालुकेच्या तालुके सरकतो. नवीन सूची येणार, येणार, म्हणून मी रोज चहाआधी लॅपटॉप उघडायची. रोज तेच: उपलब्ध नाही. पाठोपाठ भाऊचा फोन.

"आला का वं बाई तुहा डेटा?"

"आला की सांगेन. डोकं नको खाऊ."

"नाही आला तरी चालीन. हाये तेच चांगलं हाये."

सूची आली ती नेमकी सावली पडायच्या आदल्या दिवशी. पट्टा चाळीसगावावर गेला. असोदं पार बाहेर. मी गणित पुन्हा करून पाहिलं, तरी तेच. भयंकर चीड आली, कोणावर काढावी ते कळेना. भाऊला फोन करून सांगितलं.

"तू जाय चाळीसगावले," तो म्हणाला. "इथं येऊन काय माझं तोंड पाहशील?"

मी म्हटलं, तूही बघ. तारा विझला नाही, ही नोंदही लागते. सावलीची कड कुठवर होती, ते त्यावरूनच ठरतं.

"मले ल्हान पोरगं समजते का?" म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीनंतर चाळीसगावात नणंदेच्या गच्चीवर मी दुर्बिणीला डोळा लावून बसले. तारा गेला. खरंच गेला, आणि परत आला. मी अशी ओरडले की नणंद घाबरून वर धावत आली. मग भाऊला फोन लावला.

"नाही इझला," तो म्हणाला. "पापनी बी नाही लवू देली मी. लिहून घे."

"घेतलं."

"तुहा इझला?"

"हो."

"कसा?"

"कोणी बटण बंद करावं तसा."

मग तो म्हणाला, "आपल्या गच्चीवरून सावली कधी जाईन आता?"

लॅपटॉप समोर उघडाच होता. असोद्यावरून जाणारा पुढचा पट्टा इतक्या वर्षांनंतरचा होता, की तेव्हा मी तरी असेन का, देव जाणे.

"नवीन डेटा येऊ दे," मी म्हटलं. "मग सांगते."

"लबाड," भाऊ म्हणाला. "पन रोज पाहत जाय. मी फोन करीन."